करंगळी वर करून

मुलाला जर्मनीत नोकरी लागली, तेव्हा त्याच्यासोबत सून आणि सहा वर्षांचा नातूही गेले. बरंच झालं गेले ते, असं मी चारचौघांत म्हणत होतो. सिंदी मेघे गावातल्या या घरात दोन वर्षांपासून बायको अंथरुणाला खिळली आहे. लकव्याने तिची उजवी बाजू गेली. तिला पुसायचं, भरवायचं, कुशीवर वळवायचं आणि त्यातूनच उठून नातवाला स्कूटरवर शाळेत सोडायचं, यात मी पार पिचून गेलो होतो. नातवावर जीव होता, पण अंगात त्राण नव्हतं. खोटं कशाला बोलू?

तिकडची शाळा सुरू झाली. भाषेतलं ओ की ठो कळेना. पहिल्याच दिवशी पोराला शू लागली आणि त्याने इथल्या शाळेत करायचा तशी करंगळी वर केली. इथल्या कोणत्याही मॅडमला ते बोट दिसलं की त्या मानेनेच 'जा' म्हणतात. तिथल्या बाईंना काय कळणार, कपाळ! त्यांना वाटलं, लेकरू ओळख करून घेतंय. त्यांनीही हसून हात हलवला.

"मी बोट वर केलतं न आबा," तो फोनवर मला सांगत होता. "खूप वेळ केलतं. ते हासली अन् पुढं गेली."

चड्डी ओली झाली, वर्गातली पोरं हसली, हे मात्र त्याने सांगितलं नाही. ते सुनेने सांगितलं.

तेव्हापासून त्याने शाळेत पाणी पिणंच सोडलं. बाटली भरून न्यायची आणि तशीच परत आणायची. ओठ फुटले, ताप आला, सकाळ झाली की दार धरून रडणं सुरू. बाईंना तोंडाने सांग, असं सून सांगून थकली. पण तिथे त्याचं तोंडच उघडेना. माझ्याशी मात्र तास तास बोलायचा. रोज दिवेलागणीला फोन यायचा, आणि मी एका हाताने बायकोला खिमट भरवत गल्लीतल्या कुत्र्यांची खबर द्यायचो.

महिनाभराने मुलगा म्हणाला, "बाबा, याले नाई जमून राह्यलं इथं. वर्षभर तुमच्याजवळ पाठवू का?"

मी बायकोकडे पाहिलं. नुकतीच बदललेली चादर पुन्हा ओली झाली होती.

"नको रे बाप्पा," मी म्हणालो. "मले नाई होत आता. एकीचंच करून जीव चालला माझा. तिथंच ठेव त्याले."

फोन स्पीकरवर होता आणि पोरगं बाजूलाच बसलं होतं, हे मला काय माहीत! मुलाने नंतर सांगितलं. मी चुकीचं बोललो असं मला आजही वाटत नाही. पण राग येतो. कोणाचा, ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी तो न रडता शाळेत गेला. हळूहळू पाणी प्यायला लागला, बाईंना तोंडाने सांगायला लागला. मुलगा खूश, सून खूश. फोन आता रविवारी येतो. मी विचारतो, तेवढ्याचंच तो उत्तर देतो.

परवा व्हिडिओ कॉलवर मी म्हटलं, "दिवाळीले येजो बरं. आजी वाट पाहून राह्यली."

त्याने आधी आईकडे पाहिलं. मग म्हणाला, "आम्ही हॉटेलात राहू आबा. तुम्हाले त्रास नाई होणार."