आठपासून पुढे

फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले. तुम्ही या." रडणं नाही, काही नाही. भांडुपहून नाहूरला पोचलो तेव्हा अर्ध्या गालावरचा साबण वाळला होता, तोही रिक्षावाल्याने दाखवला म्हणून कळलं. विजय पेडणेकर, बॉक्सिंगचा रेफरी आणि माझा उभ्या आयुष्याचा मित्र. त्याला जाऊन आता महिना होत आला. मी कोकणातला असूनही भुताखेतांच्या गोष्टींवर जांभया देणारा माणूस. पण त्या दिवशी जे ऐकलं ते अजून पचलेलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

आमची जोडी होती. तो रिंगमध्ये, मी खाली टाइमकीपरच्या टेबलाशी, पुढ्यात घंटा. कोणी ठोसा खाऊन पडलं की मी टेबलावर सेकंद ठोकायचो आणि तो ठेका उचलून विजू मोजायचा... वन, टू, थ्री... दहा झाले की खेळ खल्लास. पण पडलेला ताडकन उठला तरी आठपर्यंत मोजायचंच, असा नियम आहे. तेवढा वेळ रेफरीला बघण्यासाठी असतो. विजू असा रोखून बघायचा की पोरं म्हणायची, सरांच्या बघण्यापेक्षा ठोसा परवडला. "सुध्या, तोंड खोटं बोलतं, पाय पण खोटंच बोलतात. डोळ्यांत माणूस घरी आहे का, तेवढं बघायचं," हे त्याचं ठरलेलं. लढत लवकर थांबवतो म्हणून त्याने शिव्या पोटभर खाल्ल्या. मुलुंडला एकदा कुणीतरी त्याच्या स्कूटरची हवा काढली. गडी ती ढकलत घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी येऊन आणखी एक लढत थांबवली. मला त्याचा फार अभिमान वाटायचा, तोंडावर कधी बोललो नाही एवढंच.

या नियमाला एक शेपूट आहे. आठनंतर लढत पुन्हा सुरू झाली आणि नवा ठोसा न लागताच माणूस खाली गेला, तर मोजणी पहिल्यापासून होत नाही. आठपासून पुढे. म्हणजे उरले दोनच आकडे. आम्ही हे एकदाच पाहिलं, ट्रॉम्बे कोळीवाड्यातल्या रेश्माच्या लढतीत. ती पडली, उठली, आठ झाले, तिने हात वर धरले. विजूने डोळ्यांत बघून "बॉक्स" म्हणत लढत पुन्हा सुरू केली. समोरची मुलगी अजून लांबच होती, आणि रेश्मा पाटावर बसावं तशी खाली बसली. विजू वाकला. नाइन... टेन. डॉक्टर धावले, थोड्या वेळाने ती भानावर आली. आज ती मुलींना शिकवते, ठणठणीत आहे. पण त्या संध्याकाळी टपरीवर विजू म्हणाला, "आठला ती आत होती रे. तिच्या डोळ्यांत मी मला दिसत होतो. मग मी दिसेनासा झालो." तो थट्टा करत नव्हता. माझा चहा तसाच राहिला.

मग गेल्या वर्षी तो बाजारात भाजी निवडता निवडता कोसळला. थांबलेलं हृदय डॉक्टरांनी पुन्हा चालू केलं. घरी आला, पण बसेना. खिडकीला टेकून उभा, कपाट धरून उभा, पाय सुजले तरी उभा. वहिनी रडकुंडीला आल्या आणि मला बोलावलं.

"आठ झालेत माझे," तो म्हणाला. "डॉक्टरने उठवला. आता नुसता खाली गेलो तरी संपलं. दोन आकड्यांत माणूस हाक तरी काय मारणार, सुध्या?"

"डोकं फिरलंय काय तुझं? घंटा झाली, नवी फेरी लागली की जुनं आठ पुसलं जातं."

"झाली घंटा? कुणी वाजवली?" त्याने विचारलं, अगदी सामन्यात विचारतात तसं.

दुसऱ्या दिवशी क्लबातली घंटा पिशवीत घालून नेली, त्याच्या जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि हाणली. समोरच्या दारातून शेजारीण ओरडली, "कचरेवाला आया क्या?" विजू आवाज पुरता विरेपर्यंत डोळे मिटून ऐकत राहिला. मग खुर्ची ओढून बसला. वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या. त्यानंतर तो छान जगला. बसून जेवला, बसून भांडला.

अंत्यसंस्कार उरकल्यावर वहिनींनी मला बाजूला घेतलं.

"मी भाकरी थापत होते. बाहेरच्या खोलीतून 'वन' ऐकू आलं. मला वाटलं, टीव्ही. 'टू' म्हणाले तशी पिठाच्या हाताने धावले. खुर्चीतच होते. मी हात धरला, माझ्याकडे बघत होते... आठपर्यंत बघत होते, भाऊजी."

एकपासून मोजलं होतं त्याने. म्हणजे माझी घंटा त्याने मानली होती. "आणि नऊ, दहा?"

"ते नाही म्हणाले. ओठ मिटलेले होते. पण टेबलावर कुणीतरी ठोकलं, सावकाश, दोनदा..." त्या माझ्या हातांकडे बघत होत्या. "मला वाटलं, तुम्हीच आलात. म्हणून तर फोनला उशीर झाला. मी आधी दार उघडून बघितलं."