घासलेले गंज

लाखनीजवळच्या एका गावातल्या प्रतिष्ठानाच्या वार्षिक सभेत मी तिला पाहिलं. मी बातमीसाठी गेलो होतो. ती लग्नाच्या स्वयंपाकासाठी नेलेला मोठा गंज, म्हणजे पातेलं, परत करायला आली होती.

प्रतिष्ठान मुलांसाठी अभ्यासिका चालवायचं आणि लग्नकार्यासाठी गावाला फुकट भांडी द्यायचं. नोकरीसाठी बाहेर गेलेले गावकरी सुरुवातीला दरवर्षी देणगी पाठवत. पुढे देणग्या आटत गेल्या. अभ्यासिका बंद करावी, असा ठराव अध्यक्षांनी वाचला.

ती दारात गंजावर हात ठेवून उभी होती. तिथूनच म्हणाली, "माही पोरगी इथंच अभ्यास करते, भाऊ. बंद कायले करता? गंजाचं भाडं घ्या ना."

"गावच्याच लोकांपासून भाडं?" अध्यक्ष म्हणाले.

"फुकटाचा गंज कोणी घासत नाही. भाडं घेतलं, तं जपून वापरतीन."

"मंग पयलं भाडं तुमचंच, काकू." अध्यक्षांनी गंजाच्या दबलेल्या बाजूकडे बोट दाखवलं. "अन् हा पोचा कोणाचा?"

सभा हसली. तिने पदराची गाठ सोडून टेबलावर नोट ठेवली. "भाडं घ्या. पोचा माहा नाही, पयलेचाच आहे."

अभ्यासिका बंद करण्याचा ठराव मागे पडला, भाड्याचा मंजूर झाला.

ती पुन्हा दिसली नाही. त्या बाजूला गेलो की मी थांबतो. अभ्यासिकेत मुलं असतात, बाहेर घासलेले गंज पालथे घातलेले असतात. पोचा कोणाचा, हा विषय मात्र प्रत्येक सभेत पुढच्या सभेवर ढकलला जातो, असं अध्यक्ष सांगतात.