वाकडा सात

चादरीची दोन टोकं पेंटरच्या हातात, दोन त्याच्या बायकोच्या. एक घडी पडली आणि दारात गुरुजी येऊन उभे राहिले. चादर तशीच मधे लोंबत राहिली.

गाड्या रंगवण्यात पेंटरचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यात जुन्या शर्यतीच्या गाड्या म्हणजे त्याचा जीव की प्राण. निवृत्त झालेल्या गुरुजींनी आपल्या दिवंगत दादाची गाडी त्याच्याकडे सोपवली, तेव्हा त्याला तहानभूक सुचेना. जुन्या गाड्यांच्या शर्यतीत ती एकदा तरी पळावी, एवढीच गुरुजींची इच्छा. पेंटरने पत्रा आरशासारखा केला. दारावरचा सात आकडा तेवढा वाकडा होता, रंगाचे ओघळ आलेला. एवढ्या देखण्या गाडीला हे शोभत नाही म्हणून त्याने तो घासून काढला आणि पट्टी लावून नवा, सुबक सात काढला. कुणाला विचारलं नाही.

"शर्यतीचे तपासनीस काय म्हणाले?" पेंटरने विचारलं.

"त्यांच्याकडे जुना फोटो आहे. फोटोतली गाडी हीच कशावरून, म्हणाले. इंजिन तर दादानेच कधीचं बदललेलं. तो सातच काय तो पुरावा. शर्यतीच्या सकाळी दादाने घाईघाईत काढलेला."

पेंटरची मान खाली गेली.

"जगाचं वाकडं सरळ करायला निघालेत," बायको म्हणाली, "आमच्या कपाटाचं दार मात्र वर्षभर वाकडंच आहे. आणि काय हो, मूर्ती झिजली म्हणून कोणी देवाला नवं नाक बसवतं का?"

गुरुजी हसले नाहीत. हळूच म्हणाले, "फोटो बघून पुन्हा वाकडा काढ. वर चहाचं पाणी फिरव, जुना दिसेल. कुणाला कळतंय?"

पेंटरला ते सहज जमलं असतं. फोटोतला प्रत्येक ओघळ त्याने हुबेहूब उतरवला असता.

"दादांची खोटी सही केल्यासारखं होईल, गुरुजी."

"मग गाडी पळणार नाही."

"नाही पळणार."

"मला एकदा विचारायचंस रे," गुरुजी म्हणाले.

पेंटरने हातातली टोकं गुरुजींकडे दिली, त्यांनीही ती मुकाट्याने धरली, आणि तो चपला शोधू लागला. तपासनिसाकडे जाऊन सांगायचं होतं, जुना सात आपणच घासला म्हणून.