तांदळावरचा हात

बकुळाने बंद केलेलं झाकण बकुळालाच उघडता येतं, अशी कात्रपच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये तिची ख्याती होती. रंगाची बादली अडून बसली, लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरेना झालं, की कुठल्या तरी मजल्यावरून हाक यायची आणि बकुळा ओढणी कमरेला खोचून निघायची. जाताना तोंडाने कुरकुर, पण चाल अशी की जणू ऑपरेशनला डॉक्टर निघालेत.

यात जादू काही नव्हती. उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या एका गाळ्यात जयदेव शेठचा छोटासा कारखाना होता, तिथे ती ड्रमच्या रिंगा बनवायची. पत्र्याची पट्टी मशिनमधून गोल वाकून यायची, बकुळा तिच्या दोन टोकांना लिव्हर बसवून रिव्हेट ठोकायची. रिंग झाकणावर चढवून लिव्हर दाबला की खट्ट वाजायचं, आणि मग पिंप आडवं लोळवलं तरी झाकण जागचं हलायचं नाही. बाकीच्या बायकांच्या रिंगा कधी सैल निघत, बकुळाची कधीच नाही. "बकुळा की रिंग है भाई, खोलने के लिए पहलवान ले आना," असं जयदेव शेठ गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि बकुळा मान खाली घालून हातोडी जरा जास्तच जोरात मारायची.

झाकणाचं हे वेड तिला माहेरून मिळालेलं. अंबरनाथ पश्चिमेला एका खोलीत तिचं बालपण गेलं. भावंडांचं लेंढार, त्यामुळे आई पिठाच्या डब्याला सुतळी बांधून ठेवायची आणि तिला स्वतःची अशी एक गाठ मारायची. कुणी डबा उघडून पुन्हा बांधला तरी आईला गाठ बघून कळायचं, आणि मग पाठीत धपाटे. त्या घरात चोर कुणी नव्हता, भूक तेवढी होती. पण आईला दोन्ही सारखीच दिसत. बकुळाने ती गाठ शिकून घेतली आणि बहुतेक ती नजरही.

तर अशा या बकुळाकडे थंडीच्या दिवसांत तिची मोठी नणंद पुतळी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी राहायला आली. पुतळीचं घर बारवीकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावर. नवरा मागेच गेलेला, मुलगी मीना लग्न होऊन वांगणीला, आणि थोडीशी भातशेती ती स्वतःच बघायची. मोतीबिंदू पिकलेला. बकुळाच्या नवऱ्याने, म्हणजे महेंद्रने, बहिणीला आणायला रिक्षा नेली, तर रिक्षात बहीण कोपऱ्यात आणि सीटवर तांदळाचं पोतं ऐसपैस बसलेलं.

"अगं ताई, एवढा कशाला?" बकुळा म्हणाली.

"नवा तांदूळ हाय. मोकळ्या हातानं कशी येऊ?" पुतळी म्हणाली.

तो तांदूळ स्वयंपाकघरातल्या निळ्या पिंपात गेला. पिंप जयदेव शेठने दिवाळीला दिलेलं, कोरं, रुंद तोंडाचं. त्याला रिंग नव्हती, झाकण नुसतं वर ठेवलेलं असायचं. घरातल्या घरात रिंग कशाला लागते?

ऑपरेशन नीट झालं. डोळ्यावर पट्टी आली, नंतर काळा चष्मा आला, आणि डॉक्टरांची ताकीद आली: वाकायचं नाही, कशाला जोर लावायचा नाही. बकुळा सकाळी कामावर निघताना चपात्या आणि भाजी झाकून ठेवायची, संध्याकाळी आली की डोळ्यात औषध घालायची, पुतळीचे पायही चेपायची. ती वाईट बाई नव्हती, हे इथे सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे तिने जे केलं ते ऐकून कुणाचाही तसा समज होईल.

पिंपातला तांदूळ उतरत होता. दोघा नवरा-बायकोच्या आणि पुतळीच्या रात्रीच्या भाताला लागेल त्याहून जास्त उतरत होता, हे बकुळाच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. त्यात मीना दुपारची आईला बघायला येऊन जायची, येताना-जाताना तिच्या खांद्याला भली मोठी पिशवी. बकुळाने दोनात दोन मिळवले. आणि एका सकाळी निघण्यापूर्वी तिने तांदूळ वरून सारखा केला आणि त्यावर आपला पंजा दाबून पाचही बोटांचा ठसा उठवून ठेवला. आईची गाठच ती, फक्त सुतळीशिवाय.

संध्याकाळी झाकण उचललं आणि ती बघतच राहिली. तिचा ठसा नव्हता. तांदूळ पुन्हा छान सारखा केलेला, आणि त्यावर दुसराच पंजा उठवलेला. रुंद, जाड बोटांचा, पुतळीचा. बकुळाच्या अंगाचा तिळपापड झाला. घ्यायचं ते घ्यायचं आणि वर सही करून ठेवायची?

बोलणार कसं? नणंद मोठी, आजारी, आणि तांदूळ तिच्याच शेतातला, ही गोष्ट बकुळा अगदी विसरली होती असं नाही. तिने ती बाजूला सारली होती. एकदा आमच्या पिंपात आला म्हणजे तो आमचा, असं काहीसं तिने मनाशी ठरवून टाकलं. पिंपाला कुलूप घालणं तर शक्य नव्हतं, कुलूप सगळ्या जगाला दिसतं. रिंगेचं तसं नसतं. रिंग बघून कुणी म्हणत नाही की या घरात कुणावर तरी संशय आहे.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून तिने स्वतः ठोकलेली एक रिंग घरी आणली. मुद्दाम आवळ बघून निवडलेली.

"उंदीर झालेत," ती कुणाकडेच न बघता म्हणाली आणि लिव्हर दाबला. खट्ट.

"तिसऱ्या मजल्यावर उंदीर?" महेंद्रने विचारलं.

"पाइपातून येतात. तुला काय कळतंय घरातलं!"

पुतळी मोरीच्या उंबऱ्याशी उभी होती. काळ्या चष्म्यामागे तिचे डोळे दिसत नव्हते. तिने रिंगेकडे पाहिलं, मग बकुळाकडे पाहिलं. "बरं केलंस," एवढंच म्हणाली.

त्यानंतर तांदूळ उतरायचा थांबला. बकुळाला आपला संशय खरा ठरल्याचा आनंद झाला. कसला आनंद! पण झाला खरा. रात्री पुतळी भातावर तुटून पडायची, पुन्हा पुन्हा वाढून घ्यायची, तेही बकुळाच्या डोळ्यांवर येऊ लागलं. दिवसभर बसून तर असते, एवढी भूक कसली, असं तिच्या मनात आलं. तोंडाने ती "घ्या ना ताई, लाजू नका" असंच म्हणाली. लाजायचं कुणी होतं, ते अजून कळायचं होतं.

रविवारी सकाळी ती कचरा टाकून वर येत होती, तर जिन्यात समोरच्या भारतीताई भेटल्या.

"तुमच्या नणंदबाई किती गोड आहेत हो!" भारतीताई म्हणाल्या. "त्यांच्यामुळे मला पेजेची सवयच लागली."

"पेजेची?"

"रोज येतात ना दहाच्या सुमाराला. मूठभर तांदूळ मागतात आणि माझ्याच गॅसवर पेज शिजवतात. पाड्यावर म्हणे सकाळी पेज प्यायल्याशिवाय कुणी हलत नाही, चपातीनं पोट भरल्यासारखं वाटत नाही त्यांना. इतके दिवस तुमच्याकडेच करून घ्यायच्या, पण आता पिंपाचं झाकण घट्ट लावलंय ना उंदरांमुळे. आणि डॉक्टरांनी जोर लावायचा नाही म्हणून सांगितलंय."

बकुळाच्या हातात रिकामी कचऱ्याची बादली होती. ती तिने या हातातून त्या हातात घेतली.

"मला बोलल्या नाहीत कधी," ती कशीबशी म्हणाली.

"मीच म्हटलं, बकुळाला सांगा, वाटीभर बाहेर काढून ठेवेल. तर म्हणाल्या, नको, ती बिचारी दिवसभर राबून येते, तिच्या जिवाला आणखी घोर कशाला?"

जिना चढताना बकुळाला प्रत्येक दारामागे कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटलं. बाई शेतातून स्वतः पिकवलेला तांदूळ घेऊन आली होती. एका डोळ्याने चाचपडत ती त्यातला मूठभर शिजवून खात होती, पातेलं घासून पालथं घालून ठेवत होती. आणि आपण तिच्या पोटावर रिंग आवळली. बरं, ती मागायला गेली तर परक्या दारात गेली, आणि तिथेही आपली अब्रू राखून आली. ज्यांचे डबे-बादल्या उघडून बकुळा बिल्डिंगभर मिरवायची, त्यांच्यातल्याच एका घरी तिच्या नणंदेला मूठभर तांदूळ मागावा लागला होता. बकुळाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरात येऊन तिने रिंग काढली. आपलीच करणी, पण त्या दिवशी लिव्हर तिलाही एका झटक्यात उघडला नाही, अंगठा सोलून निघाला. पुतळी पलंगावर बसून बघत होती. बकुळाने पेजेचं आधण ठेवलं. पेज तिला धड येत नव्हती, ती खाली लागली. पुतळीने ती सगळी पिऊन टाकली. "मीठ बेतात पडलंय," म्हणाली. बकुळाला वाटलं, हिने चार शिव्या द्याव्यात. शिव्या दिल्या असत्या तर निदान उलट रडता आलं असतं.

मग रोज कामावर जाण्याआधी पेज होऊ लागली. माफी मात्र राहिली. माफी मागायची तर आधी गुन्हा सांगायला हवा, आणि तो सांगायला बकुळाची जीभ टाळ्याला चिकटायची. मीनाच्या पिशवीत काय असायचं, तेही तिला तेव्हाच कळलं. आईची धुवायची लुगडी.

पुतळी परत निघाली त्या दिवशी महेंद्र रिक्षा आणायला खाली गेला होता. पुतळी स्वयंपाकघरात आली आणि कोपऱ्यात टांगलेल्या रिंगेकडे बोट दाखवून म्हणाली, "ती तुला लागत नसंल तर मला दे."

"घ्या ना, ताई. कशाला हवी पण?"

"पिंप हाय माझ्याकडं असंच. आणि आमच्याकडं उंदीर खरंच हायेत."

बकुळाने रिंग काढून तिच्या हातात दिली. तिच्याकडे बघण्याची काही बकुळाची छाती झाली नाही.

पुढे वर्ष जवळजवळ सरलं. या काळात झाकण उघडायला हाक आली की बकुळा आढेवेढे घेऊ लागली. हात दुखतो म्हणायची. कारखान्यात रिव्हेट ठोकताना खट्ट झालं की तिला मोरीचा उंबरा आठवायचा. भात झोडून झाला आणि पाड्यावरून बोलावणं आलं, तेव्हा तिने महेंद्रला आधी एकट्यालाच जा म्हणून सांगितलं. मग स्वतःच आदल्या रात्री पिशवी भरली.

पुतळीच्या घरात ते पिंप होतं. रिंग वर चढवलेली, पण लिव्हर उघडा, सैल. महेंद्र बाहेर खळ्यावर पाहुण्यांत बसलेला. पुतळीचा ऑपरेशनचा डोळा आता लख्ख झाला होता. तिने झाकण उचललं. आत नवा तांदूळ काठोकाठ, आणि वरती रुंद पंजाचा ठसा.

बकुळाने आपला हात ओढणीत लपवला.

"आमच्या घरात नव्या दाण्यावर घरच्या बाईनं हात उठवायचा," पुतळी म्हणाली. "माझी सासू उठवायची. तुझ्या पिंपात तो हात दिसला ना, तवा मला लय बरं वाटलं. म्हटलं, महेंद्रनं हितं बघून सांगितलं असंल. शहरात राहून बी पोरीनं रीत ठेवली. वरचा मूठभर घेतला तसा तुझा हात मोडला, म्हणून त्याच्या जागी माझा उठवला."

"ताई..." बकुळा म्हणाली. "ताई, तो हात..."

"रिंग आणलीस तवा समजलं तो कशाचा व्हता." पुतळीचा आवाज चढला नव्हता, आणि गोडही झाला नव्हता. "एक डोळा झाकलेला व्हता गं माझा. दुसरा उघडा व्हता. दिसभर त्या घरात मीच असायची. उंदीर असता तर मला दिसला नसता?"

बकुळाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने ते पुसायला हात वर नेला, तर पुतळीने तो हात मनगटाशी धरला. शेतात राबलेली पकड, सुटणारी नव्हती. दुसऱ्या हाताने पुतळीने पिंपातला आपला ठसा पुसून तांदूळ सारखा केला आणि बकुळाचा पंजा त्यावर नेऊन ठेवला.

"आता खरा उठव," ती म्हणाली.

बकुळाने दाबला. ठसा वाकडा आला, करंगळी तर उठलीच नाही. पुतळीने तो तसाच राहू दिला आणि पेज घ्यायला चुलीकडे वळली.