सगळं माझ्या हातचं, असं मी म्हणायचो

हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगतोय. मन हलकं होईल म्हणतात – का व्हावं हलकं?

मी पत्रकांवर वाढलो. बाबा सभेच्या दारात पुस्तिका विकायचे, मी घड्या घालायचो. परदेशात, क्लेटनला युनीत शिकायला आलो, लॉकडाऊन लागला, तर तिथल्या मराठी मंडळातही पत्रकच काढलं – कंपन्यांच्या ॲपवर आपली माणसं भेटणार नाहीत! आपला सर्व्हर आपण बांधू, प्रत्येक प्रोग्रॅम मूळ कोडवरून स्वतः कंपाइल करून बांधू, तयार पॅकेज एकही घेणार नाही. ते तत्त्व मला आजही पटतं. त्यातला एक शब्द मागे घेत नाही.

पण मी ते पाळलं का?

सर्व्हर म्हणजे माझा जुना लॅपटॉप. प्रोग्रॅम ज्यांच्या आधारावर चालतो त्यातली एकेक लायब्ररी कंपाइल व्हायला दिवस जायचा. मी कंटाळलो – आणि निम्म्या लायब्ररी गुपचूप तयार पॅकेजमधून टाकल्या. त्यांच्यावर उभा माझा स्वतः कंपाइल केलेला व्हिडिओचा प्रोग्रॅम. मंडळात मात्र छाती काढून सांगायचो, सगळं माझ्या हातचं.

मग मंडळातल्या सुजाताताईची आई नागपूरला कोविडने गेली. विमानं बंद. अंत्यसंस्कार ती आमच्या सर्व्हरवरूनच बघणार होती. तिकडे स्मशानातून दाखवणाऱ्या तिच्या भावाकडे तीच लिंक होती. त्या सकाळी सर्व्हर सांभाळायला मदत करणारा माझा रूममेट प्रशांत म्हणाला, "पॅकेजेस अपडेट करून टाकू का रे? तुझं काही बंद पडायचं नाही ना?"

"बिनधास्त कर. तुझ्या पॅकेजचा माझ्या कामाशी काय संबंध?"

खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. ते बोललो नाही. अपडेटने खालच्या लायब्ररी बदलल्या, आणि जुन्यांवर बांधलेला माझा प्रोग्रॅम सुरूच होईना. भाऊ लिंक उघडत राहिला. शेवटी त्याने साधा फोन लावला, तोवर अग्नी देऊन झाला होता.

ताईने विचारलं, कशामुळे झालं? एररची पहिली ओळ वाचतानाच मला कळलं होतं. आणि मी – न्यायाची पत्रकं काढणारा मी – म्हणालो, "प्रशांतने नको तिथं हात घातला."

तो मान खाली घालून सॉरी म्हणाला. त्याला ते खरंच वाटलं. का नाही वाटणार? माझ्यावर विश्वास होता त्याचा.

वय लहान होतं, दिवस वाईट होते – असलं काही मी म्हणणार नाही. प्रशांत आता कालगुर्लीला खाणीत इंजिनियर आहे. मंडळाच्या कॉलवर कधीच येत नाही.

हाच मजकूर मी आता मंडळाच्या ग्रुपवर टाकतोय, खाली माझं नाव घालून. ताई आणि प्रशांत, दोघंही त्या ग्रुपवर आहेत.