ओली गोधडी

आर्णीच्या बसस्टँडवर मायनं माझ्या हातात गाठोडं दिलं तेव्हा वाटलं, ज्वारीचं पीठ असेल. उचललं तर हलकं लागलं. आत तिच्या जुन्या लुगड्यांचे, बाबांच्या धोतरांचे, माझ्या शाळेतल्या निळ्या फ्रॉकचे तुकडे होते.

"शिवलेली गोधडी जड होते, रेल्वेत कुठं वागवशीन," माय म्हणाली. "चिंध्या ने. तिथं बसून शिव. हात चालू राह्यला का मानूस कमी भेते."

मी भित्री, हे तिला ठाऊकच होतं. एसटी हलली तेव्हा ती डोक्यावर पदर ओढून उभी होती. हात काही तिनं हलवला नाही. लेक चिमी माझ्या मांडीवर झोपलेली, तिचे बाबा समोरच्या सीटवर पत्र्याची पेटी धरून. धामणगावला रेल्वे गाठायची होती.

ती वर्षं आपल्या गल्लीतल्या कुणाला नव्यानं सांगायला नकोत. कापूस येईना, आला तर त्याला कुणी विचारीना. चिमीचे बाबा जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर. आधी हंगाम आखडत गेला, मग एका वर्षी फाटक उघडलंच नाही. ते दिवसभर ओट्यावर बसून राहायला लागले. त्या दिवसांत घरातला पुरुष गप्प बसला की बाया घरातली दोरी, फवारणीचं औषध लपवून ठेवायच्या. मी भाकरी थापता थापता उठून त्यांना बघून यायची, पुन्हा तव्याशी बसायची. म्हणून ओळखीतल्या एकानं जैसलमेरकडे पवनचक्क्यांवर काम आहे म्हटलं, तेव्हा ते गाव किती लांब, हेही न विचारता मी हो म्हणाले.

तिथं पिवळ्या दगडाची एक खोली मिळाली. शेजारच्या खोलीत घरमालकीण राहायची, एकटीच. सगळे तिला माजीसा म्हणत, मीही म्हणायला लागले. ती मला बींदणी म्हणायची, म्हणजे सून. पुढं नुसती रेती, खेजडीची दोनचार झाडं आणि लांबवर पवनचक्क्या. चिमीचे बाबा त्यांच्यावर चढून काम करायचे. मला एवढंच कळायचं की एखाद्या चक्कीचं पातं थांबलं म्हणजे वर माणूस आहे. पातं पुन्हा फिरेपर्यंत मी दारातून हलत नसे.

वैशाखात लाट आली. आपल्याकडचं ऊन मी पाहिलेलं, पण हे वेगळं होतं. वारा भट्टीतून आल्यासारखा. घाम निघायच्या आधीच वाळायचा आणि अंगावर मीठ चरचरायचं. दुपारभर दाराला ओलं पोतं लावून माजीसा आणि मी माझ्या खोलीत शिवत बसायचो. तीही चिंध्यांचंच शिवायची, तिकडं त्याला राली म्हणतात. लाल, काळे, पिवळे चौकोन दुमडून ती ते असे बसवायची की शिवण दिसू नये. माझा आपला साधा धावदोरा. माझे टाके बघून ती हसायची आणि काहीतरी मारवाडीत बोलायची. ते मला कळत नसे आणि माझं वऱ्हाडी तिला.

मग पाण्याचा टँकर येईनासा झाला. उद्या येईल, परवा येईल. दारावरचं पोतं कोरडं पडलं. माठात तळाशी थोडं उरलं होतं, ते मी चिमीसाठी झाकून ठेवलं. त्या दिवशी तिचे बाबा लांबच्या चक्कीवर गेले होते, माझ्या दारातून न दिसणाऱ्या.

चिमी सकाळपासून किरकिरत होती. दुपारी गप्प झाली, तेव्हा मला बरंच वाटलं, झोपली म्हणून. दोरा तोडायला वाकले आणि तिच्या पाठीला हात लागला. तव्याला लागावा तसा. कातडी कोरडी ठाक. मी हाक मारली, तिनं डोळे उघडले, पण ते माझ्याकडं पाहत नव्हते.

मी माजीसाला हाक मारली की नुसती ओरडले, आठवत नाही. माजीसानं शेजारून धावत येऊन चिमीच्या कपाळाला हात लावला, माझ्या माठाचा तळ पाहिला आणि कमरेची किल्ली काढत बाहेर गेली. अंगणात तिचा टांका होता, म्हणजे जमिनीतली पाण्याची टाकी. पावसाचं साठवलेलं पाणी. त्याला ती कुलूप घालायची, आणि त्या लाटेत तिच्या शेळ्यांनाही मोजकंच मिळत होतं. तिनं भरलेली घागर आणून माझ्या मांडीवरच्या गोधडीवर उपडी केली.

"डरप मती, बींदणी," ती म्हणाली. भिऊ नको.

आम्ही चिमीचे कपडे काढून तिला त्या ओल्या गोधडीवर निजवलं. माजीसा पाणी शिंपडायची, मी सुपानं वारा घालायची. गोधडी बघता बघता वाळायची, ती पुन्हा घागर आणायची. न्यायला जीप नव्हती, दवाखाना लांब. माझ्या मनात सारखं एकच येत होतं, की चिमीच्या बाबांना ओट्यावरून उठवायला मी पोरीला इथं घेऊन आले.

किती वेळ गेला सांगता येत नाही. माझा हात चिमीच्या खाली होता. एकदम हाताला ऊन ओल लागली. मला आधी कळलंच नाही. माजीसाला कळलं. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. पोरीनं लघवी केली होती, म्हणजे अंगात पाणी होतं. थोड्या वेळानं ती रडली, आणि मीठसाखरेचं पाणी चमच्यानं प्याली.

संध्याकाळी तिचे बाबा आले. ऐकून घेतलं आणि चिमीजवळ बसून राहिले.

"चाल, परत जाऊ," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गावातल्या एसटीडीवरून मी आर्णीला शेजाऱ्यांकडे फोन लावला. मायला बोलावून आणलं. सगळं सांगितलं आणि म्हटलं, आम्ही तिकडं परत येऊन राह्यलो.

"ये म्हनून तोंडावर येऊन राह्यलं," ती म्हणाली, "पन येऊ नोको, बाई. जिनिंग बंदच हाये. जावई पुन्हा ओट्यावर बसलेला दिसला तर मले झोप नाही लागनार. पोरीले जप."

आम्ही राहिलो. टँकर आला, लाट ओसरली. चिमी माजीसाच्या अंगणातच वाढली, तिच्यासारखंच बोलायला लागली. आता आम्ही जोधपूरला असतो आणि चिमी नोकरी करते. तुम्ही गल्लीतल्या बाया फोनवर विचारता, घरी कवा येता. मी म्हणते, येऊ दिवाळीत. पण मग फोन ठेवल्यावर विचार करत बसते, कुठल्या घरी.

उन्हाळ्यात टीव्हीवर गावोगावचं तापमान सांगतात. विदर्भाचं येईस्तोवर मी स्वयंपाकाला हात लावत नाही. ते झालं की राजस्थानचं येईस्तोवर थांबते. दोन्ही ऐकून होतात, मग उठते आणि भात टाकते.