एकशे दहा पौंड हवा

व्हर्नन थोर्सरूडला क्वार्ट्झसाइटच्या अख्ख्या माळावर ‘डॉक्टर’ म्हणत आणि ते त्याला मनापासून आवडायचं. आणि कुणी उगाच म्हणत नव्हतं. उत्तरेत बर्फ पडायला लागलं की जी हजारो म्हातारी जोडपी आपापली मोटरहोम, म्हणजे चाकांवरची घरं, घेऊन ॲरिझोनाच्या या वाळवंटात येऊन पडतात, त्यांच्यातल्या पेट्रोलवाल्यांचा तो डॉक्टर. डिझेलवाल्यांना डॉक्टर लागत नाही. त्यांचं घर हवेच्या फुग्यांवर बसलेलं, इंजिन पार मागं, पुढं बसणारीनं खुशाल स्वेटर विणावा. पेट्रोलवाल्याचं इंजिन नवरा-बायकोच्या मधोमध, बायकोच्या पायाला चटके देत, आणि खाली ट्रकचा सांगाडा. शेजारून मोठा ट्रक गेला की घर आधी त्याच्याकडं ओढलं जाणार, मग झटकन उलट्या बाजूला जाणार. रस्त्याला सांधा आला की कपाटातल्या बश्या बोंबलणार. अशा गाड्या सरळ चालायला लावणं हे व्हर्ननचं काम आणि तो ते फुकट करायचा.

दर मंगळवारी सकाळी दहाला त्याच्या गाडीच्या कडेच्या कापडी छपराखाली वर्ग भरे. ज्यानं त्यानं आपली खुर्ची आणि आपला कॉफीचा मग आणायचा. व्हर्नन उभा राहून सांगायचा: मागच्या आसाला आडवी कांब लावा, शेपटी हलायची थांबेल. स्टिअरिंगला धक्के खाणारा दट्ट्या बसवा. स्प्रिंगच्या पाट्यांवर रबराचे ठोकळे घाला. त्यानं स्वतःच्या गाडीला चार वर्षांत यातलं सगळं लावलं होतं, एक कांब तर दोनदा. नॉर्थ डकोटात एकतीस वर्षं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केलेला माणूस, त्याचा हात कोण धरणार?

आणि वर्गात एक विनोद ठरलेला असायचा.

“आमची आर्लिस म्हणते, टायर फार टणक लागतात, जरा हवा काढून बघ ना!” मग थोडं थांबून, “म्हटलं, अगं, टायरवर आकडा कोरलाय तो काय नक्षी म्हणून?”

सगळे हसत. आर्लिस कडेला बसलेली असायची, कंबरेला पट्टा बांधून, पाठीमागं दोन उशा घेऊन. तीही हसायची. शेचाळीस वर्षांचा संसार. बाई भली होती आणि नवऱ्याचा विनोद पडू द्यायचा नाही एवढं तिला कळत होतं.

पाठ तिची चार वर्षांपूर्वीच धरली होती. शेतावरचं घर विकून ही गाडी घेतली, त्याच हिवाळ्यात. पहिल्या प्रवासात ती बोलली, दुसऱ्यात रडली, तिसऱ्यात गोळ्या सुरू झाल्या. एक्स-रे काढले, व्यायाम झाले. व्हर्नननं तिला प्रत्येक डॉक्टरकडं स्वतः नेलं, बाहेर ताटकळत बसला, आणि परत येताना प्रत्येक वेळी तेच म्हणाला, “वय झालं गं आपलं. तुझी हाडंच नाजूक, त्याला गाडी काय करणार?” म्हणायचा अगदी प्रेमानं, हे वाईटच.

या वर्षी मात्र आर्लिसनं हात टेकले. शुक्रवारच्या विमानाचं तिकीट तिनं काढलं, फीनिक्सहून फार्गोचं, लेकीकडं. मेरिटच्या घरात खालची खोली रिकामी होती. “तू उन्हाळ्यापर्यंत फिर,” ती म्हणाली, “मग ही गाडी विकून टाकू. मला नाही रे जमणार आता.” व्हर्ननचा जीव तुटला. एकट्यानं फिरायचं म्हणजे काय करायचं? कुणाला दाखवायचं काही?

तिच्या जाण्याआधीचा तो मंगळवार. वर्गात एल्डन क्विग आला होता. स्वतः डिझेलवाला, पण पेट्रोलवाल्यांची टिंगल करायला हमखास हजर. कांबेचं पुराण चालू असताना त्यानं विचारलं, “डॉक्टर, ते सगळं राहू दे. तुझं स्वतःचं वजन केलंयस का कधी?”

“माझं की गाडीचं?”

“तुझं दिसतंय की रे! गाडीचं म्हणतोय.”

हशा झाला. गर्दीत डोरीन पाचेको बसली होती. ही न्यू मेक्सिकोची बाई माळावर चार वजनकाट्यांचे पाट घेऊन फिरायची आणि चाकाखाली पाट सारून कुठल्या चाकावर किती भार आहे ते सांगायची. नवे लोक तिच्याकडं आधी जातात. व्हर्नन कधीच गेला नव्हता; त्याला स्वतःची गाडी पाठ होती ना!

“उद्या नऊ वाजता येते,” डोरीन म्हणाली. “डॉक्टरला फुकट.”

आता एवढ्या माणसांसमोर नको कसं म्हणणार? “ये की,” तो म्हणाला. “तुझे काटे तरी तपासून होतील.”

बुधवारी सकाळी आर्लिस गोधड्या शिवणाऱ्या मैत्रिणींचा निरोप घ्यायला गेली आणि डोरीन आली. पाट सारले, गाडी वर चढवली, आकडे वहीत उतरवले. मग कुठल्या भाराला किती हवा ते सांगणारा टायर कंपनीचा तक्ता काढला, त्यावर बोट फिरवलं आणि हवेचं मापक घेऊन सहाही चाकं मोजून आली.

“डॉक्टरसाहेब, हवा किती ठेवता?”

“एकशे दहा. टायरवर लिहिलीये तेवढी.”

“ती जास्तीत जास्त. टायर पोटभर लादला तर. तुमची गाडी हलकी आहे हो. पुढं ब्याऐंशी पुरे, मागं पंच्याऐंशी.” तिनं वही त्याच्यापुढं धरली. “दगडावर बसून फिरताय तुम्ही. मग डोलणार नाही तर काय? अर्धा टायर जमिनीला टेकतच नसेल.”

“मी एकतीस वर्षं बसेस—”

“त्या बसमध्ये साठ पोरं असायची. तिथं एकशे दहाच बरोबर.” तिनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. “या माळावर सगळे आधी वजन करतात, मग हवा ठरवतात, मग बाकीचं. तुम्हाला एवढं कुणी सांगितलं नाही?”

सांगितलं होतं. घरातल्याच माणसानं सांगितलं होतं आणि त्याचा त्यानं विनोद केला होता, दर मंगळवारी, चार हिवाळे. डोरीन पाट गोळा करून गेली. जाताना म्हणाली, “मी कुणाजवळ बोलणार नाही, काळजी नको.” त्या बोलण्यानं तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आर्लिस यायच्या आत त्यानं एकेका चाकाशी गुडघे टेकून हवा सोडली. केवढा तो फुसफुसाट! एल्डन दोन गाड्या पलीकडं खुर्चीत पेपर वाचत होता, म्हणून व्हर्नननं मधूनमधून पाना जमिनीवर आपटला. काहीतरी मोठं काम चाललंय असं वाटावं म्हणून. एकाहत्तर वर्षांचा माणूस, आणि काय ही सोंगं!

गुरुवारी सांडपाणी सोडायला आणि पाणी भरायला गाडी गावात न्यायची होती. तो एकटाच गेला. रेल्वेफाटकावर त्यानं सवयीनं दात आवळले. धक्का बसलाच नाही. गाडी रुळांवरून मऊ गेली. बश्या बोलल्या नाहीत. हमरस्त्यावर मोठा ट्रक शेजारून गेला तर घर जागचं हललं नाही, स्टिअरिंगवर दोन बोटं पुरली. चार वर्षं ज्या सुखासाठी त्यानं गाडीखाली लोळून लोखंड लावलं, ते सुख टायरच्या तोंडाशी बसलेलं होतं. त्यानं गाडी कडेला घेतली आणि तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. शेजारच्या रिकाम्या सीटकडं बघायची त्याला हिंमत होईना.

परत आला तेव्हा एल्डन उभाच. “काय रे, आज गाडी फारच झोकात आली! केलंस काय?”

“नवी कांब,” व्हर्नन म्हणाला. “बसली आता जागेवर.”

झालं, निघून गेलं तोंडातून.

आत आर्लिस बॅग भरत होती. कपड्यांच्या घड्या घालता घालता, त्याच्याकडं न बघता ती म्हणाली, “व्हर्नन, तू रागावलायस का माझ्यावर?”

“नाही गं.”

“मला माहितीय तुझं स्वप्न होतं हे. मी मोडलं. ही पाठ जरा बरी असती तर मी आले असते रे, खरंच आले असते. मला माफ कर.”

आता बोलायचं होतं. शब्द अगदी ओठांवर होते. पण तिनं माफी मागितल्यावर आपण काय सांगायचं, की बाई गं, खोट तुझ्या पाठीत नव्हती, माझ्या अकलेत होती? तो “असू दे, असू दे,” म्हणाला आणि पाण्याची टाकी तपासायला बाहेर पळाला. टाकी तर तो आत्ताच भरून आला होता.

शुक्रवारी सकाळी ते निघाले. बाकीचे लोक घरामागं छोटी मोटार ओढत आणतात, पण तशी ओढली की घर डोलतं असं व्हर्ननचंच मत होतं, त्यामुळं विमानतळापर्यंतही घर घेऊनच जायचं. आर्लिस सीटवर बसली, पट्टा आवळला, उशा लावल्या, नेहमीसारखं दोन्ही हातांनी सीट धरली. दहा मैलांवर तिचे हात सुटले. वीस मैलांवर तिनं एक उशी काढून मांडीवर घेतली. काहीतरी बोलायला ती त्याच्याकडं वळली, आणि बोलता बोलताच तिची मान कलली.

झोपली होती. चार वर्षांत चालत्या गाडीत तिला डुलकीसुद्धा लागली नव्हती. तोंड थोडं उघडं, गाल सैल, कपाळावरची ती कायमची आठी गेलेली. व्हर्ननला वाटलं रस्ता संपूच नये. आणि लगेच वाटलं, ही अशीच झोपली असती. कॅलिफोर्नियाला जाताना, टेक्सासला जाताना, प्रत्येक रस्त्यावर. आपण तिला जागं ठेवलं, कण्हायला लावलं, वर लोकांना हसायला लावलं.

फीनिक्सच्या अलीकडं वाहनांची गर्दी झाली तेव्हा आर्लिस जागी झाली. क्षणभर तिला कळेना. मग ती हळूच पाठ हलवून बघू लागली, डावीकडं, उजवीकडं.

“व्हर्नन! अरे, दुखत नाहीये!”

त्यानं आरशात बघून लेन बदलली.

“खरंच सांगते, अजिबात नाही. गाडी पण... कशी चाललीय ही?” तिचा चेहरा उजळला, आणि तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला. “ती नवी कांब! परवा तू खटाटोप करत होतास म्हणे, एल्डन सांगत होता. जमलं की रे तुला! शेवटी जमलं! मी उगाच तुझ्यावर... थांब, मेरिटला फोन करते. कशाला जायचं आता फार्गोला?”

सगळं हातात आयतं आलं होतं. बायको राहणार, गाडी राहणार, वर शाबासकी. मंगळवारी वर्गात ती स्वतः उठून सांगेल, आमच्या व्हर्नननं करून दाखवलं. त्यानं फक्त मान हलवायची होती. तिनं पिशवीतून फोन काढला, चष्मा शोधू लागली, आणि हे सगळं करताना तिचा एक हात त्याच्या दंडावर तसाच होता. तो हात त्याला सोसवेना.

“कांब नाही,” तो म्हणाला. “फोन करू नकोस. कांब नाही ती.”

“मग?”

“हवा. टायरमध्ये हवा जास्त होती. डोरीननं वजन केलं बुधवारी. मी कमी केली.”

“बुधवारी?” ती म्हणाली. “आणि जास्त होती म्हणजे, कधीपासून?”

“गाडी घेतल्यापासून.”

तिनं हात काढून घेतला. रागानं नव्हे, चष्मा पुसायला हवा होता म्हणून घेतल्यासारखा. ती चष्मा पुसू लागली.

“काल मी तुझी माफी मागितली,” ती म्हणाली.

“हो.”

“तेव्हा तुला माहीत होतं.”

“हो.”

“आणि तू ती घेतलीस.”

व्हर्ननच्या तोंडून “आर्लिस, मी—” एवढंच आलं. बाकीचं आलं असतं तरी कशाला होतं?

एवढं मोठं धूड विमानतळाच्या दाराशी नेता येत नाही, अलीकडच्या थांब्यावर उतरून छोट्या बसनं जावं लागतं. फाटा दिसला तेव्हा त्यानं विचारलं, “सरळ जाऊ का? परत जाऊ?”

“फाट्यानं घे.”

“पण पाठ तर आता...”

“पाठीसाठी नाही जात मी.” तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलत नव्हता. “मला रागवायचंय, व्हर्नन. पोटभर रागवायचंय. आणि तुझ्यासमोर ते मला जमणार नाही. तू असं तोंड करून बसशील, मला दया येईल, आणि मीच म्हणेन असू दे, असू दे. शेचाळीस वर्षं तेच केलं. या वेळी मला नाही करायचं.”

“परत येशील?”

“माझं रागावून झालं की कळवीन.”

थांब्यावर तो घाईनं बॅग घ्यायला उठला. तिनं घेऊ दिली नाही. पायऱ्या स्वतः उतरली, बॅग स्वतः खाली ओढली, आणि छोट्या बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मागं वळून हात केला नाही. पाठीमागच्या टॅक्सीवाल्यानं भोंगा वाजवला, “ओ काका, हलवा की घर!”

व्हर्नननं गाडी काढली. शहरातले खड्डे होते, उंचवटे होते, पुलाचे सांधे होते. गाडी सगळ्यांवरून अलगद जात होती, कुठं काही वाजत नव्हतं, आणि त्याला वाटत होतं, निदान एखादा धक्का तरी बसावा.